मृत समुद्रातल्या मासोळ्या

माझी धाकटी जाऊ पवित्र भूमीच्या यात्रेला जाणार ही बातमी मला घरच्या कुणाकडून नाही, आठवडी बाजारात भाजीवालीकडून कळली. ती वांगी तोलता तोलता म्हणाली, "तुमची जाऊबाई इमानात बसून येशूच्या गावाले चालली मंते. तुमी नाई जाऊन राह्यल्या काजी?"

मी म्हटलं, "वांगे पाहून टाक. किडके नको टाकू." पिशवी उचलली आणि कोथिंबीर न घेताच घरी आले.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. गडचिरोली जिल्हा चांद्यापासून, म्हणजे चंद्रपूरपासून, वेगळा होऊन थोडेच दिवस झाले होते. आमचं गाव वैनगंगेच्या जवळ, भाताच्या बांध्या आणि जंगल यांच्या मधे. गावात एक मिशनचा दवाखाना, त्याला लागून चर्च आणि चर्चच्या मागे आमची ख्रिस्ती वस्ती. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते आणि रविवारी सकाळी चर्चच्या पडवीत मुलांची शब्बाथ शाळा घेत होते. जाऊ मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. आमची घरं वेगळी, पण अंगण एकच. ती मला 'बाई' म्हणायची आणि माझ्या शब्दाबाहेर जायची नाही. हे मला तेव्हा आपलं हक्काचंच वाटायचं.

मुलांना येशूचा देश शिकवायची माझी एक पद्धत होती आणि तिचा मला भारी गर्व होता. पडवीत मी नदीची रेती पसरायची. मोहाच्या बिया ठेवून गावं करायची. ही नासरेथ, ही यरीहो, ही बेथलेहेम, आणि मधोमध मोठी बी म्हणजे यरुशलेम. वरच्या अंगाला पितळी परातीत तलावाचं पाणी भरायचं, तो गालीलचा समुद्र. त्यात मुलंच तलावातून बारक्या मासोळ्या आणून सोडायची, कारण पेत्र हा येशूचा शिष्य याच समुद्रात मासे धरत होता. खालच्या अंगाला एका कटोऱ्यात खड्याच्या मिठाचं पाणी, तो मृत समुद्र. दोघांच्या मधे निळा दोरा, ती यार्देन नदी. मुलं कटोऱ्यात बोट बुडवून जिभेला लावायची आणि तोंडं वाकडी करायची. एकदा कुणीतरी परातीतली मासोळी उचलून कटोऱ्यात टाकली. ती तडफडून मेली. मृत समुद्रात मासा जगत नाही, हा धडा त्या दिवसापासून मला पुन्हा शिकवावा लागला नाही.

अठरा वर्षं मी हे करत होते. कोणत्या गावाहून कोणतं गाव किती लांब, हे मी मुलांना आपल्या गावांच्या हिशेबानं सांगू शकत होते. डोळे मिटले तर त्या देशातून मी एकटी चालत गेले असते. आणि जाणार कोण, तर माझी जाऊ. नाइट ड्यूटी करून आली की उपदेशाच्या वेळी खांबाला टेकून झोपणारी, घोरू लागली की मी कोपरानं ढोसायची ती.

तिची निवड का झाली, हे समजून घ्यायला मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. कारण सरळ होतं. आजूबाजूच्या चर्चच्या मंडळ्यांमधून गट जाणार होता, त्यात बहुतेक म्हातारी माणसं होती. कुणाला साखर, कुणाचा रक्तदाब, कुणाचे गुडघे गेलेले. सोबत एक नर्स पाहिजे होती. बाहेरून कुणी मदत करणाऱ्यांनी नर्सची एक जागा फुकट दिली होती आणि दवाखान्यानं तिला रजा दिली. यात खोट काढायला कुठे जागाच नव्हती. याच गोष्टीनं माझा जीव जास्त जळला. अन्याय झाला असता तर मला भांडता आलं असतं, चार लोक माझ्या बाजूनं उभे राहिले असते. इथे सगळं न्यायानंच झालं होतं.

वर पाळकसाहेब हसून म्हणाले, "बाई, तुम्हाला तर तो देश सगळा पाठच आहे. तुम्हाला जायची काय गरज?"

मीही हसले. घरी येऊन कणीक इतकी मळली की नवऱ्यानं विचारलं, "कोनाचा राग काढून राह्यली?" मी गोळा परातीत आपटला. तो म्हणाला, "पोटात दुखून राह्यलं ना? दुखनच. पन तोंडावर नको दाखवू. घरचीच आहे ते."

तोंडावर मी दाखवलं नाही. निरोपाच्या सभेत गीत मीच सुरू केलं. तिच्या गळ्यात झेंडूचा हार पडला तेव्हा टाळ्याही वाजवल्या. माझी चामड्याची पेटी तिला दिली, कारण तिच्याकडे फक्त पत्र्याची ट्रंक होती आणि ट्रंक घेऊन विमानात बसलेली ती मला मनातसुद्धा पाहवत नव्हती. जायच्या दिवशी तिनं विचारलं, "बाई, तुमच्यासाठी काय आनू?" मी म्हटलं, "काई नको. सुखानं जा, सुखानं ये." आणि एसटी वळणाआड गेल्यावर मनात म्हटलं, देवा, तिला तिथलं काही दिसू नको देऊ. प्रार्थनेचा मी आयुष्यात केलेला हा सगळ्यात वाईट उपयोग. तीच ऐकली गेली.

पंधरा दिवसांनी ती परत आली. अर्धं गाव स्टँडवर गेलं होतं. मी गेले नाही, शाळेत तपासणी आहे असं सांगितलं. तपासणी नव्हती. ती संध्याकाळी स्वतःच माझ्याकडे आली. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि पाटावर बसली. चेहरा उतरला होता. मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल. तिनं पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक लहानशी साबणाची वडी काढून माझ्या हातात दिली. वडीवर हॉटेलचं नाव होतं.

"म्या काईच नाई पाह्यलं, बाई," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी गटातली एक म्हातारी तापानं फणफणली. श्वास लागला. तिथल्या डॉक्टरनं तिला हलवू नका म्हणून सांगितलं. बाकी सगळे रोज सकाळी बसमधून जात, संध्याकाळी येत. जाऊ त्या म्हातारीजवळ हॉटेलच्या खोलीत. खोलीला एक खिडकी, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. तिनं त्या भिंतीचे दगड मोजले. परतीच्या दिवशी म्हातारी उठून बसली आणि सगळे विमानतळावर गेले. बसच्या खिडकीतून तिला काही झाडं दिसली, काही शेळ्या दिसल्या. झालं तिचं यरुशलेम.

माझ्या मनात काय झालं ते मी लपवत नाही. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी उठून तिच्यासाठी चहा टाकला, वर साखर जास्त घातली.

"आता रविवारी मले साक्ष द्यायची आहे," ती म्हणाली. "अख्खी मंडळी येनार आहे. हार घालून पाठवलं त्याहीनं. मी काय सांगू? भिंत पाह्यली सांगू? तुमाले तं सगळं पाठ आहे, बाई. तुमी लिहून द्या. मी पाहून वाचीन."

यात्रेहून आलेल्यानं मंडळीपुढे उभं राहून काय पाहिलं ते सांगायचं, ही आमच्याकडची रीत. तिला साक्ष म्हणतात आणि तिला उपदेशापेक्षा जास्त मान असतो, कारण उपदेश वाचलेला असतो आणि साक्ष पाहिलेली असते. माझं अठरा वर्षांचं ज्ञान तिच्या तोंडून साक्ष म्हणून जाणार होतं. लोक तिला म्हणणार, वा, काय पाहून आली! आणि मी खाली चटईवर बसून ऐकणार. चहा उतू गेला तेव्हा मी भानावर आले.

"देते लिहून," मी म्हटलं.

शाळेच्या वहीची दोन पानं भरली. सुरेख लिहिलं, हे मी आजही म्हणेन. बेथलेहेमच्या टेकड्या लिहिल्या, यरीहोची उतरण लिहिली. मग मृत समुद्रापाशी आले आणि हात थांबला. जरा वेळानं लिहिलं: 'मृत समुद्राच्या काठी आम्ही उभे राहिलो. याच पाण्यात पेत्र जाळं टाकून मासे धरत असे. आजही तिथे कोळ्यांच्या होड्या दिसतात.'

ती चूक नव्हती. मी अठरा वर्षांत जी चूक एकदाही केली नव्हती, ती मी अगदी जाणूनबुजून, वळणदार अक्षरात केली. पाळकसाहेब लगेच टोकतील, लोक हसतील आणि मंडळीला कळेल की कुणाला पाठवायला हवं होतं. एवढाच माझा बेत होता. तिचं काही फार वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं, थोडंसंच व्हावं असं वाटत होतं.

रविवारी तिनं पांढरं लुगडं नेसलं आणि कागद दोन्ही हातांत धरून वाचायला सुरुवात केली. दवाखान्यात औषधाच्या चिठ्ठ्या वाचते तसं, एकेक शब्द नीट. मृत समुद्र आला. पेत्र आला. होड्या आल्या. मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते डोळे मिटून मान हलवत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

माझ्या वर्गातली मुलं मात्र चुळबुळू लागली. एक मुलगी सरकत माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "बाई, खाऱ्या पाण्यात मासोळ्या नसते ना?"

मी तिला म्हटलं, "चूप बस. साक्ष सुरू आहे."

वाचन संपल्यावर एक म्हातारे उभे राहिले. ते जातीचे ढिवर, जन्मभर तलावात जाळं टाकलेले. त्यांनी मोठ्या आस्थेनं विचारलं, "मासोळ्या कोनत्या होत्या वो बाई तिथी? मरळ होती का?" जावेनं माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे पाहिलं. ती म्हणाली, "असनच जी." म्हातारे समाधानानं खाली बसले, जणू त्यांचा आणि पेत्राचा धंदा एकच होता याची आज खात्री पटली.

उपासनेनंतर मी पाळकसाहेबांना अडवलं. आडून आडून विचारलं, "मृत समुद्राचं तुम्हाला कसं वाटलं?" ते म्हणाले, "बाई, आपण वाचलेले लोक. जो पाहून आला त्याच्यापुढे आपलं काय चालणार?"

पुढच्या शब्बाथ शाळेत मी कटोऱ्यात मीठ विरघळवत होते, तर मुलांनीच मासोळ्यांची परात उचलून खाली, मृत समुद्राच्या जागी आणली. मी म्हटलं, तिथे नाही, वर ठेवा. एक जण म्हणाला, "पन बाई, काकूनं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. तुमी तं गेल्याच नाई." त्याला मी वर्गाबाहेर उभं केलं. नंतर चिंच दिली, पण उत्तर दिलं नाही.

आता खरं सांगायचं तर जावेला सांगावं लागलं असतं, आणि जावेला सांगायचं तर अक्षर माझं होतं. मी गप्प राहिले. तिकडे तिचा बोलबाला वाढत चालला. घरोघरच्या प्रार्थनासभांना तिला बोलावणी. अहेरीकडच्या एका मंडळीनं जीप पाठवली. दरवेळी ती तोच कागद घेऊन जायची. तिनं तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून बायबलात ठेवला होता आणि घरात येईल त्याला सांगायची, "माह्या जाऊबाईनं लिहून देल्लं." माझं नाव घेऊन, बरं का. हे ऐकून मला लाज वाटायला हवी होती. मला राग यायचा की कौतुक तरीही तिचंच होतं.

मग चंद्रपुरात बायकांचा मोठा मेळावा ठरला. दोन्ही जिल्ह्यांतून बायका येणार होत्या आणि बाहेरून एक विद्वान पाहुणे, धर्माचं शिक्षण देणारे, येणार होते. जावेला साक्षीसाठी बोलावलं. ती कागद घेऊन माझ्याकडे आली. "बाई, मोठे लोक राह्यतीन. एकदा पाहून द्या, काई सुधरवाचं असन तं."

कागद माझ्या हातात होता. पेन टेबलावर होतं. एक ओळ खोडायची, गालील लिहायचं, आणि 'अगं, माझी चुकी झाली होती' असं म्हणायचं. ती हसली असती. तिला संशयसुद्धा आला नसता. मी दोन्ही पानं वाचली, पुन्हा वाचली आणि परत दिली.

"ठीक आहे," मी म्हटलं.

"तुमीबी चला," ती म्हणाली. "तुमी समोर बसल्या का मले धीर येते."

म्हणून मी गेले आणि पहिल्या रांगेत बसले. मांडव बायकांनी भरला होता. जाऊ आता सरावली होती, कागदातून नजर वर करून बोलत होती. पेत्रानं जाळं टाकलं तेव्हा पाहुणे खुर्चीत पुढे झाले. त्यांनी तिला संपवू दिलं. मग माइक हातात घेऊन गोड आवाजात म्हणाले, "भगिनी, मृत समुद्रात मासाच काय, किडासुद्धा जगत नाही. पेत्र गालीलात मासे धरायचा. आपण नक्की तिथेच गेला होतात ना?"

मांडव हसला. मागच्या रांगांपर्यंत हसू पोचायला जरा वेळ लागला आणि पोचल्यावर ते थांबेना. मी ज्याची वाट पाहत होते ते हेच होतं, फक्त तीन महिने उशिरा आणि दहापटीनं मोठं. जाऊ माझ्याकडे पाहत होती. तिनं आधी गोंधळून पाहिलं. मग तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. या वेळी मला छपराकडे पाहता आलं नाही.

ती माइककडे वळली. "चुकलं जी," ती म्हणाली. "लिवतानी माहीच चुकी झाली. आन मी तिथी जास्त काई पाह्यलंबी नाई. आमच्यातली एक बुढीबाई बिमार होती, तिच्याजवळच होती मी." मग ती खाली उतरली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. पाहुणे काहीतरी सेवेबद्दल चांगलं बोलले, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. तिनं मान वर केली नाही. जेवणाच्या पंगतीत तिनं माझ्या पानात भात वाढला, नेहमीसारखा, आधी मला.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली, मी तिच्या बाजूला. मूल हे गाव मागे पडलं. मी मनातल्या मनात उत्तरं जमवत होते. घाईत लिहिलं, दिवा मिणमिणता होता, डोळ्यांचा नंबर वाढलाय.

"तुमाले मालूम होतं ना, बाई?" तिनं विचारलं.

"होतं," मी म्हटलं.

ती भांडली नाही. रडली असती तरी मला सोपं गेलं असतं. तिनं बायबलातून कागद काढला, माझ्याकडे पेन मागितलं आणि गुडघ्यावर कागद ठेवून पेत्राची ओळ खोडली. एसटी हादरत होती म्हणून रेघ वाकडी गेली.

"पुढच्या रविवारी चामोर्शीले बोलावलं आहे," ती म्हणाली. "हो म्हटलं आहे, जा लागन. अजून काय काय खोटं आहे याच्यात?"

"काही नाही. तेवढंच."

तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "बेथलेहेम यरुशलेमच्या जवळ आहे. हे खरं?"

"खरं."

"यरीहोले जाताना उतार लागते. हे?"

"खरं आहे गं. बाकी सगळं खरं आहे. अठरा वर्षं शिकवून राह्यली मी."

गोळी गिळली असं सांगणाऱ्या पेशंटकडे ती दवाखान्यात जशी पाहायची, तशी तिनं माझ्याकडे पाहिलं. बोट तिसऱ्या ओळीवर नेलं आणि तिथेच थांबली. मग पेनाला टोपण लावून ते माझ्या हातात दिलं आणि कागदाची घडी केली.

"राहू द्या, बाई," ती म्हणाली. "पाळकसाहेबाले इचारून घेईन."